स्वस्त खनिजाचा न दिसणारा खर्च

चीनवरचे अवलंबित्व संपवण्यासाठी लाल मातीतून दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये (विजेवरच्या मोटारींच्या चुंबकांसारख्या वस्तूंना लागणारे धातू) काढावीत, असे सुचवणारा लेख वाचला. त्यात चीनच्या अनुभवाची अर्धीच बाजू आली आहे. चीनच्या जिआंग्शी प्रांतात ग्रॅनाइट झिजून झालेल्या मातीत डिस्प्रोशियम, टर्बियम यांसारखी ही मूलद्रव्ये चिकणमातीच्या कणांना नुसती चिकटलेली असतात. खडक फोडायला नको. टेकडीला भोके पाडून अमोनियम सल्फेट या क्षाराचे द्रावण सोडायचे आणि मूलद्रव्ये सुटून त्यात मिसळली, की ते पायथ्याशी गोळा करायचे. स्वस्त खरे, पण सगळे द्रावण पायथ्याशी येत नाही. उरलेले भूजलात उतरते, भिजलेल्या टेकड्या खचतात. याच प्रांतातल्या एकट्या गान्झोऊ परिसराच्या साफसफाईला ३८ अब्ज युआन लागतील, असे चिनी अधिकाऱ्यांनीच २०१२ मध्ये सांगितले होते. पुढे खाणी म्यानमारच्या काचिन राज्यात सरकल्या, प्रदूषणही सोबत गेले. आपला कोकणातला जांभा तर बहुतांशी बेसाल्ट झिजून झालेला, ग्रॅनाइट नव्हे. तिथे तसेच घबाड गृहीत धरणे घाईचे. देशात अन्यत्र असे साठे मिळालेच, तर खाणपट्ट्यांच्या लिलावाआधी टेकडीखालच्या विहिरींचे पाणी तपासून नोंदी जाहीर कराव्यात आणि साफसफाईची रक्कम कंपनीकडून आधीच अनामत म्हणून घ्यावी.

– एक वाचक, सावंतवाडी