ओझरच्या विमानतळाला हक्काची वेळ हवी : नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय राज्यमंत्री, नागरी हवाई वाहतूक व सहकार

विषय : नाशिक (ओझर) विमानतळावर नागरी उड्डाणांसाठी निश्चित वेळ आणि शेतमालाच्या हवाई निर्यातीची सोय

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ जवळ येऊ लागल्यापासून ओझरच्या विमानतळाविषयी पुष्कळ बोलले जात आहे. टर्मिनलचा विस्तार, दुसरी धावपट्टी, परदेशी उड्डाणे या गोष्टी निदान बैठकांच्या विषयपत्रिकेवर आल्या, याचे आम्हा नाशिककरांना समाधानच आहे. विमानतळाला लागून असलेल्या दिंडोरी तालुक्यात गुलाब आणि द्राक्षे घेणारा शेतकरी म्हणून माझे म्हणणे एवढेच, की इमारतीइतकाच विचार घड्याळाचा व्हावा. नागरी विमानांना दिवसातले कोणते तास हक्काने मिळणार आणि माल तपासून मोकळा करणारे अधिकारी त्या वेळी तिथे हजर असणार का, हे ठरल्याखेरीज ‘आंतरराष्ट्रीय विमानतळ’ हा फक्त फलकावरचा मजकूर राहील.

ओझरची धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची आहे. साठच्या दशकात मिग विमानांच्या कारखान्यासाठी ती आली, पुढे तिथे सुखोई तयार झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत ‘तेजस मार्क-१ए’च्या उत्पादनाची तिसरी साखळीही सुरू झाली. हवाई दलाचा दुरुस्ती डेपो शेजारीच आहे. याचा आम्हाला अभिमान आहे; पण कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विमानाच्या चाचण्या याच धावपट्टीवर होणार, हेही उघड आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीसाठी धावपट्टी सुमारे दोन आठवडे बंद राहिली, तेव्हा सगळी प्रवासी सेवा तेवढे दिवस थांबली होती. धावपट्टी संरक्षण खात्याकडच्या कंपनीची, टर्मिनल राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने उभारलेले, सीमाशुल्क अर्थ खात्याकडे, रोपे आणि फळांची तपासणी कृषी खात्याकडे, आणि उड्डाणांची परवानगी आपल्याकडे. इतक्या दारांतून फिरणारी फाइल कुठे अडली, हे शोधण्यातच एक हंगाम जातो.

आपण पुण्याचे असल्याने लष्करी धावपट्टीवरून नागरी विमाने चालवणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. लोहगावच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले आणि त्यातून प्रत्यक्ष प्रवासी जायला जुलै उजाडला. सुरक्षा दलाचे मनुष्यबळ मिळेपर्यंत तयार इमारत थांबून राहिली होती. ओझरच्या बाबतीत हे आधीच ध्यानात घेता येईल.

आता मालाविषयी. जानोरी, मोहाडी या भागात पॉलिहाऊसमधले गुलाब निघतात. सकाळी लवकर तोडणी होते, काड्या पाण्यात उभ्या करून शीतगृहात जातात, लांबीप्रमाणे प्रतवारी होते, वीस-वीस काड्यांची जुडी बांधून तिच्यावर पन्हळी कागद गुंडाळला जातो. इथपर्यंत सगळे शेतकऱ्याच्या हातात असते. त्यानंतर निर्यातीचा माल गाडीत भरायचा, कसारा घाट उतरायचा, भिवंडी-ठाण्याच्या कोंडीतून मुंबई विमानतळाच्या सहारमधल्या कार्गो संकुलात विमानाची माल स्वीकारण्याची वेळ संपण्याआधी पोहोचायचे. व्हॅलेंटाइनच्या हंगामात तर हा रोजचाच धसका असतो. गाडी उशिरा पोहोचली तर माल दुसऱ्या विमानापर्यंत थांबतो, कळी उमलू लागते आणि परदेशी ग्राहक दर पाडून मागतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाल्याने घाटाचा त्रास कमी झाला हे खरे. तो महामार्ग जिथे संपतो त्या आमण्याच्या पुढची कोंडी मात्र आहे तिथेच आहे.

द्राक्षांबद्दल मात्र भाषणांत जे ऐकू येते ते मला पटत नाही. युरोपला जाणारी आमची द्राक्षे वातानुकूलित कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरातून जातात आणि यापुढेही जातील, कारण विमानाचे भाडे त्या मालाला परवडत नाही. विमानाचा उपयोग आहे तो बागलाणच्या अर्ली द्राक्षांच्या पहिल्या तोडीला, जेव्हा बाजारात माल कमी आणि दर चढा असतो. शिवाय फुलांना, हिरव्या भाज्यांना, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून तातडीने पाठवाव्या लागणाऱ्या सुट्या भागांना. हे प्रमाण लहान वाटेल, पण आखाती देशांसाठी एखादे नियमित प्रवासी विमान सुरू झाले तरी त्याच्या पोटातल्या जागेत असा माल रोज जाऊ शकतो. त्यासाठी वेगळ्या मालवाहू विमानाची वाट पाहावी लागत नाही.

मालवाहू विमाने ओझरला नवीन आहेत असेही नाही. धावपट्टी ३,००० मीटरची आहे आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स व कंटेनर कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीतल्या कार्गो संकुलातून जिवंत मेंढ्या-बकऱ्या आखातात गेलेल्या आहेत. मात्र २०२० साली परदेशी कंपन्यांच्या अनियमित (ठरावीक वेळापत्रक नसलेल्या) मालवाहू विमानांना देशातल्या सहाच विमानतळांपुरती परवानगी ठेवण्यात आली आणि त्या सहांत ओझर नव्हते. शेतमालासाठी, निदान डिसेंबर ते एप्रिल या हंगामात, ओझरला त्यातून सूट असावी. हा निर्णय आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतला आहे.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले विकिरण केंद्र आहे. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर तिथे प्रक्रिया होत आली. कोकणातला हापूस त्यासाठी घाट चढून वर आला आणि विमानात बसायला पुन्हा मुंबईला उतरला. लासलगाव आणि ओझर दोन्ही निफाड तालुक्यात आहेत, एवढेच नमूद करतो.

प्रवाशांबद्दल थोडक्यात लिहितो. २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्लीची सेवा सुरू केली आणि २०१९ मध्ये कंपनीबरोबर तीही गेली. केंद्राच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेतल्या सेवाही आल्या आणि गेल्या. मार्च २०२३ पासून इंडिगोमुळे बरीच स्थिरता आली आहे. सिंहस्थाची अमृतस्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात आहेत आणि आमचा माल हिवाळ्यात निघतो. पर्वणीच्या गर्दीसाठी जे उभारले जाईल त्याच्या आराखड्यात शीतगृह आणि मालाच्या तपासणीची जागा आत्ताच धरली, तर कुंभ संपल्यावर ते ओस पडणार नाही.

माझी विनंती अशी, की हिंदुस्तान एरोनॉटिक्स, राज्य सरकार, सीमाशुल्क आणि कृषी खाते यांची एकत्र बैठक आपण नाशिकला घ्यावी आणि नागरी उड्डाणांचे तास लेखी कराराने ठरवावेत. त्यात रात्रीचे तासही असावेत, कारण कारखान्याच्या चाचण्या प्रामुख्याने दिवसा होतात. त्या तासांत सीमाशुल्क आणि रोप-संगरोधाचे (रोपे-फळांची कीड-रोगासाठी तपासणी करणारे) अधिकारी ओझरलाच उपलब्ध राहतील, हेही त्याच करारात यावे. आपल्याकडे सहकार खातेही आहे आणि त्या खात्याच्या पुढाकाराने २०२३ मध्ये निर्यातीसाठी राष्ट्रीय सहकारी संस्था स्थापन झाली आहे. विमान कंपनी पहिला प्रश्न विचारते तो रोज किती माल मिळेल याचा, आणि एकट्या शेतकऱ्याला त्याचे उत्तर देता येत नाही. त्या संस्थेने आमच्या उत्पादक गटांचा माल एकत्र करून हंगामाची हमी दिली, तर आम्ही आमच्या वाट्याचे प्रमाण लिहून द्यायला तयार आहोत. बैठक बागलाणची पहिली तोड सुरू होण्याआधी झाली, तर येत्या हंगामातच प्रयोगादाखल माल पाठवता येईल.

आपला विश्वासू,
दिंडोरी तालुक्यातील एक फूल व द्राक्ष उत्पादक