वडाच्या बदल्यात वडच हवा

माननीय संपादक,
स. न.

रस्ता रुंद करताना जुने वड, पिंपळ, उंबर तुटतात आणि त्यांच्या जागी गुलमोहर, सप्तपर्णीची रोपे येतात. नागरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, तोडलेल्या झाडाचे वय जेवढे तेवढी रोपे लावायची असतात. पण रोपांची संख्या भरली म्हणून वडाचे काम गुलमोहर करू लागत नाही.

कमानीच्या माथ्याचा दगड निखळला की कमान ढासळते, यावरून, जी गेली की तिच्यावर विसंबलेल्या इतर जीवांची घडी विस्कटते अशा जातीसाठी अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६९ मध्ये 'कीस्टोन प्रजाती' ही संज्ञा रूढ केली. आपल्याकडे तो मान वड-उंबराच्या कुळाचा. एक वड आज लगडतो, तर पुढच्या गावातला दोन महिन्यांनी. म्हणून बाकीच्या झाडांवर फळ नसतानाही हरियल, तांबट, धनेश, वटवाघळांची सोय होते. वड-उंबराच्या बहुतेक जातींचे परागीभवन त्यांची त्यांची चिलटाएवढी गांधीलमाशीच करते. फळातून बाहेर पडलेली मादी जेमतेम एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला त्याच जातीचे, कोवळी फळे धरलेले दुसरे झाड गाठावे लागते. झाडे विरळ झाली की माशीची पिढी खुंटते आणि परागीभवन न झालेली फळे गळतात.

वडाचे बी मोकळ्या जमिनीवर क्वचितच तगते. ते रुजते भिंतींच्या फटीत, झाडांच्या बेचक्यात. रस्त्याकडेचे वड बहुतेक माणसांनीच लावलेले आहेत. ते काम आजही अवघड नाही. ज्येष्ठात मनगटाएवढी जाड, सात-आठ फुटांची फांदी तोडावी, पाने काढून चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवावी. वरच्या कापावर शेणमाती लिंपावी, नाहीतर तिथून पाणी शिरून फांदी कुजते. तीन फुटांच्या खड्ड्यात ती दोन फूट गाडावी आणि काठीला घट्ट बांधावी. वाऱ्याने हलली तर कोवळी मुळे तुटतात. महिन्याभरात पालवी फुटते आणि इथेच घात होतो. ती पालवी फांदीतल्या साठ्यावर आलेली असते, मुळे अजून धरलेली नसतात. झाड लागले असे समजून पाणी थांबते आणि ऑक्टोबरच्या उन्हात फांदी वाळते. दोन उन्हाळे तरी पाणी द्यायलाच हवे.

आणखी एक. सगळ्या फांद्या एकाच वडाच्या नकोत. ती सारी झाडे मुळात एकच असल्याने बहुधा एकाच वेळी फळतात आणि उरलेले वर्ष पाखरांना कोरडे जाते. निदान पाच-सहा वेगवेगळ्या झाडांच्या फांद्या घ्याव्यात.

तोडणीची परवानगी देतानाच त्या झाडाच्या फांद्या राखण्याची आणि वड-उंबराच्या बदल्यात त्याच जातीची झाडे लावण्याची अट घालावी. इमारतींच्या भिंतींवर उगवलेली रोपे ॲसिड ओतून मारली जातात. ती पावसाळ्यात ओल्या भिंतीतून मुळासकट सोडवून नगरपालिकेच्या रोपवाटिकेत वाढवावीत.

– एक वाचक, सातारा