दुःखातल्या माणसाला आधी बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या पुरवणीत मानसिक आरोग्यावर लेख येतायत, ध्यान, झोप, मोबाइल कमी करा वगैरे, सगळे वाचतो आणि चांगलेच आहेत, पण घरातलं माणूस गेल्यावर मनाचं काय करायचं यावर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू. मूळचे आम्ही अलिबागकडचे, आता ठाण्यात. कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद.

मागच्या पावसाळ्यात आई गेली. दफन झालं की आमच्यात सात दिवस शिवा पाळतात, हिब्रूतल्या सात आकड्यावरून आलेला शब्द आहे हा. घरच्यांनी खाली बसायचं, आरसे झाकायचे, दाढी करायची नाही, कामावर जायचं नाही, आणि येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवायचं. दफनाहून आल्यावरचं पहिलं जेवण घरचं नसतं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणायचं. आमच्या काकांनी समोरच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी मसुराची आमटी, भात आणि उकडलेली अंडी आणून दिली. मसूरच का, तर तालमूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात म्हटलंय की मसुराला तोंड नसतं, तसंच शोकात असलेल्या माणसालाही तोंड नसतं. हरभऱ्याला कशी चीर असते, मसुराला तशी नाही. लहानपणापासून हे ऐकत आलोय पण त्या दिवशी ताट समोर आलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, कारण मला खरंच एक शब्द बोलता येत नव्हता.

याच्याच जोडीचा दुसरा नियम आहे आणि मला तो सगळ्यांना सांगायचाय. भेटायला आलेल्याने आधी बोलायचं नाही. दुःखातला माणूस बोलेल तेव्हा बोलायचं, नाही बोलला तर नुसतं बसायचं. बायबलमधल्या ईयोबाची मुलं गेली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, एक अक्षर बोलले नाहीत. नंतर ते बोलायला लागले आणि तिथेच चुकले, पण ते सात दिवस त्यांनी बरोबर केलं असं मला वाटतं.

आमच्याकडे आलेले बहुतेक जण मात्र दारातूनच सुरू व्हायचे, वय झालं होतं, सुटली बिचारी, आता तू खंबीर राहायला हवं, आमचे ज्यूही आणि बाकीचेही. सगळे प्रेमानेच बोलत होते, मला कुणावर राग नाही, पण प्रत्येकाला हो हो म्हणत माझंच रडणं आत राहिलं. चौथ्या दिवशी ऑफिसमधून फाइलसाठी फोन, कारण रजा तीनच दिवसांची, आणि मी खाली बसल्या बसल्या त्यांना फाइल कुठे आहे ते सांगत होतो. सहाव्या दिवशी बाबांचे एक जुने मित्र आले, तासभर शेजारी गप्प बसले, आणि मीच म्हणालो की आई शेवटी चहा मागत होती आणि डॉक्टर नको म्हणाले म्हणून मी दिला नाही. त्यानंतर जे रडू आलं ते आईला नेल्यापासून पहिल्यांदा आलं.

तालमूदमध्ये हिशोब आहे, तीन दिवस रडण्याचे, सात शोकाचे, तीस दिवस केस कापायचे नाहीत. आईवडिलांसाठी पुढे अकरा महिने कादिश म्हणायचा, ही आमची शोकातली प्रार्थना, त्यात मरणाचा एक शब्दसुद्धा नाही, नुसती देवाची स्तुती आहे, आणि तो एकट्याने म्हणता येत नाही, आमच्यात दहा पुरुष लागतात. आमचे बहुतेक लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले, त्यामुळे ठाण्याच्या १८७९ सालच्या शआर हाशामाइम या आमच्या प्रार्थनास्थळातही मधल्या वारी दहा जण जमवणं सोपं नाही, माझ्यासाठी लोक नोकरीच्या आधी ट्रेन पकडून यायचे. पण त्यामुळे झालं असं की तेच तेच लोक महिनोन्महिने माझा चेहरा बघत होते, आणि मी झोपत नाही, जेवत नाही हे घरच्यांच्या आधी त्यांच्यातल्या एका आजोबांच्या लक्षात आलं.

मला वाटायचं प्रार्थना करतोय ना, मग डॉक्टर कशाला. त्या आजोबांनी तालमूदमधली रब्बी योहाननची गोष्ट सांगितली, रब्बी म्हणजे आमचे धर्मगुरू. ते आजारी मित्राला म्हणायचे हात दे, आणि हात धरून त्याला उठवायचे, पण स्वतः आजारी पडले तेव्हा दुसऱ्या रब्बीने येऊन त्यांना उठवलं. स्वतःच का नाही उठले, तर कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही. आजाऱ्यासाठीच्या आमच्या प्रार्थनेत आधी नेफेश म्हणजे जिवाचं, मनाचं बरं होणं मागतात आणि नंतर शरीराचं, आणि जीव वाचवायला शब्बाथही मोडायचा असा नियमच आहे. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा आजोबा म्हणाले, "शब्बाथलासुद्धा गोळी चुकवू नकोस बाळा." आज मी बराच सावरलोय म्हणून हे लिहू शकतोय.

ध्यान आणि प्राणायामाइतकीच जागा पुरवणीत भेटायला जाण्यालाही द्यावी ही विनंती, कसं जावं, कसं बसावं, काय बोलू नये. मनाचा आजार असलेल्याकडे तर कुणी जातच नाही, ऑपरेशन झालेल्याकडे सगळे जातात. कंपन्यांनीही निदान सात दिवस तरी माणसाला फोन करू नये. आणि फारच घुसमट होत असेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, हा नंबर कृपया ठळक छापा.

समोरच्या काकूंचे यजमान गेल्याच महिन्यात गेले. त्यांच्याकडे सुतक होतं, आमच्याकडून मुगाची खिचडी नेली आणि सतरंजीवर बसलो, काही बोललो नाही. पाऊण तासाने काकू आपणहून म्हणाल्या, "ह्यांना भेंडी अजिबात आवडायची नाही, आणि मी दर आठवड्याला करायचे."

आपला,
एक बेने इस्रायल वाचक, ठाणे