कॉफी महागली, पण पिकवणाऱ्याचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात कॉफी महागल्याची बातमी वाचली, कप केवढ्याला झाला, कॅफेवाले काय म्हणतात, कॉलेजची पोरं काय म्हणतात सगळं होतं, फक्त ज्याचं घर कॉफीवर चालतं तो शेतकरी कुठेच नव्हता. मी वाशीला मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशोबाचं काम बघतो. कॉफीशी माझा थेट संबंध नाही, पण आमच्याकडे जी काळी मिरी येते त्यातली बरीचशी कर्नाटकातल्या कोडगू (कूर्ग), सकलेशपूर, चिकमगळूरकडची, आणि तिकडे मिरीचे वेल कॉफीच्या मळ्यातल्या सावलीच्या झाडांवरच चढवलेले असतात. म्हणजे एकाच माणसाची दोन्ही पिकं.

कॉफीचा मळा म्हटलं की आपल्याला बंगलेवाला साहेब आठवतो. पण आपल्या देशातले बहुतेक कॉफीवाले दहा हेक्टरच्या आतलेच, त्यातही कितीतरी जण चार-पाच एकरवाले. रोप लावल्यावर तीन-चार वर्षं हातात काही नाही, त्यामुळे भाव पडला म्हणून उपटून दुसरं लावू असंही जमत नाही. आणि कॉफी काही ताटात वाढता येत नाही, तांदूळ विकतच आणायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला एक चांगला पाऊस झाला तरच रोबस्टा (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक, दुसरी अरेबिका) नीट फुलते (आपला आंबेवाला त्याच पावसाच्या नावाने बोटं मोडतो), आणि तोच पाऊस डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर फळं वाळत असताना आला की माल काळा पडला म्हणून समजा.

जोडपीक घ्या असं सगळेच सांगतात, आणि मिरीने अनेकांना तारलंयही. मिरी भरीव आहे का ते आम्ही लिटरचं माप भरून वजनावर बघतो, 550 ग्रॅम भरली की व्यापारी खूश. पण 2017-18 ला काय झालं? व्हिएतनामची स्वस्त मिरी श्रीलंकेमार्गे यायला लागली, भाव इतके घसरले की सरकारला डिसेंबर 2017 मध्ये किलोला 500 रुपये किमान आयात किंमत (म्हणजे त्याखालच्या भावाने बाहेरून माल आणायचा नाही) लावावी लागली, कॉफीही तेव्हाच उतरलेली, वर 2018 च्या ऑगस्टमध्ये कोडगूत दरडी कोसळून मळे गेले. दोन पिकं असून दोन्ही एकदम बसली तर माणसाने करायचं काय?

भाव तर त्याच्या हातात नाहीच. कुठल्या देशाने किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय कॉफी करारातले कोटे 1989 ला गेले, आणि आता अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या आणि रोबस्टाचा लंडनच्या वायदेबाजारात ठरतो. ब्राझीलमध्ये 2021 च्या जुलैत दंव पडलं की चिकमगळूरचा भाव हलतो. फेब्रुवारी 2025 मध्ये अरेबिका पौंडाला 4 डॉलरच्या वर गेली, छानच, पण ज्याने आधीच माल विकून टाकला होता त्याला काय मिळालं? इथिओपियात तर लाखो घरं यावरच जगतात, देशाच्या निर्यातीचा मोठा हिस्सा कॉफीचा.

तेव्हा विनंती एवढीच, बाजारभावाच्या पानावर कांदा-बटाट्याबरोबर आठवड्यातून एकदा कॉफी-मिरीचा शेतावरचा भावही छापा. आणि बातमीसाठी कोडगू लांब पडत असेल तर आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, तिथे वार्ताहर पाठवा, तेही नको असेल तर सरळ वाशीला या, मार्केटात दक्षिणेकडचे एजंट दुपारी चहाला भेटतातच.

– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई