घर बघितलंय, रागवू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

रंकाळ्याजवळ घर भाड्यानं घेतलंय. तळमजला आहे, डिपॉझिटही दिलं. बाबा, आधी विचारलं असतं तर "मला काय हुतंय?" म्हणाला असता आणि रात्री परत दोन उशा लावून खोकत बसला असता. दिवाळीत ऐकलंय मी. आई, खिडक्या लावूनही तुळशीवर राख पडते, ते तू फोनवर सांगत नाहीस.

मी नीट वाचलंय. दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या दुसऱ्या कक्षात १०५० अंशांच्या आसपास उष्णता हवी, धूर तिथं निदान दोन सेकंद राहायला हवा. २०१६ च्या नियमांतच आहे. सगळं पाळणाऱ्या नव्या भट्ट्यांजवळ अपाय थोडा, हेही खरं. पण आपल्यामागची भट्टी रात्री काळा धूर सोडते. म्हणजे नीट जळत नाही. प्लास्टिक असं धुमसलं की डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं होतात. त्यांतल्या सगळ्यात विषारी प्रकाराला १९९७ मध्येच कर्करोगकारक ठरवलंय. ते चरबीत साठतं, शरीरात निम्मं व्हायलाच सात ते अकरा वर्षं लागतात. माणसात येतं ते मुख्यतः खाण्यातून: मांस, मासे, दूध.

आणि आपलं दूध त्या भट्टीमागच्या गवतावर चरणाऱ्या म्हशींचं. भट्टी आली तेव्हा मी दहावीला होते. बाबा, तुम्ही पहाटे पेलाभर दूध पाजायचात, ओठांवरची साय धोतरानं पुसायचात. कुणाला माहीत होतं! तुमच्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण उकळून हे जात नाही, आई.

तिथं देवघर पूर्वेला बसतं. मागं मोरीजवळ तुझ्या पाट्या-वरवंट्याला जागा आहे. मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईला रिक्षानं दहा मिनिटांत. बाबांना संध्याकाळी तळ्यावर फेरी, पुढं गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेलं दूध. जुनं घर विकणार नाही, शपथ.

उद्यापासून ते दूध बंद. काकींना वाईट वाटेल, माझं नाव सांगा. बाबा, औषधाची फुंकणी सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही, आणि ओढून झाली की चूळ भरायची. सोमवारी फुप्फुसाच्या तपासणीची वेळ घेतलीय, जुना एक्स-रे बरोबर घ्या. ट्रंकेला हात लावाल तर बघा! मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते. जास्वंदाची कुंडी मीच उचलेन, तिची माती मात्र इथंच टाकू, नवी भरू.

आई, पिंप तेवढं रिकामं करून ठेव.

तुमची,
चिमी