वाहतूक किती बाहेर द्यावी, हे केवळ दरपत्रकावरून ठरू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपली वाहतूक, गोदामे आणि माल पाठवणीचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवावे का, आणि सोपवायचे तर किती, या प्रश्नावर मराठवाड्यातील अनेक मध्यम कंपन्यांत सध्या विचार चालू आहे. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यावर केवळ विक्रीकराच्या सोयीसाठी राज्याराज्यांत डेपो ठेवण्याची गरज उरली नाही, आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्याने जालना व छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांचे वाहतुकीचे गणितच बदलले. अशा वेळी हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. जालन्यातील बियाणे उद्योगात माल पाठवणीचे काम मी अनेक वर्षे जवळून पाहत आलो आहे आणि त्या आधारावर एक मुद्दा आग्रहाने मांडू इच्छितो.

बैठकांत हा प्रश्न बहुधा टक्केवारीत मांडला जातो. इतके टक्के काम बाहेर दिले तर इतका खर्च वाचेल, असा तक्ता समोर येतो आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याच्या नावापुढे खूण होते. माझ्या मते त्याआधी प्रत्येक कामाबाबत एक गोष्ट विचारायला हवी: या कामात चूक झाली तर ती केव्हा कळेल, आणि त्या वेळी ती कोणाच्या हाती असेल? जिथे चूक जागच्या जागी दिसते ते काम निर्धास्तपणे बाहेर द्यावे. जिथे ती महिन्यांनंतर, तिसऱ्याच माणसाच्या दारात उघडी पडते, तिथे कंपनीने आपला माणूस हटवू नये.

एकाच जालना शहरातील दोन उद्योग पाहिले तरी हा फरक स्पष्ट होतो. येथील रोलिंग मिलमधून सळई वर्षभर बाहेर पडते. ट्रक भरताना वजनकाट्यावर जातो, उतरवताना पुन्हा काट्यावर जातो. घट आली तर त्याच दिवशी पोचपावतीवर शेरा पडतो आणि भाड्यातून रक्कम वळती होते. वाटेत हाताळणी थोडी धसमुसळी झाली म्हणून सळईचे फारसे बिघडत नाही. शिवाय ट्रान्सपोर्टवाल्याला परतीचा माल मिळवता येतो, तर कारखान्याची स्वतःची गाडी बहुतेकदा रिकामी परतते आणि तिचे हप्ते, विमा व चालकाचा पगार ती उभी असली तरी चालूच राहतात. अशा उद्योगाने रोजच्या ठरलेल्या खेपांपुरत्या चार गाड्या ठेवाव्यात की त्याही ठेवू नयेत, हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो हिशेबानेच सुटतो.

सोयाबीनच्या बियाण्याचे तसे नाही. या दाण्याचे आवरण अतिशय पातळ असते आणि अंकुर त्या आवरणाच्या अगदी लगत असतो. पिशवी उंचावरून आदळली, थप्पी फार उंच रचली किंवा कोरड्या झालेल्या मालावर पाय देऊन हमाल चालले, तर बाहेरून काहीही दिसत नाही. पिशवी शाबूत, वजन बरोबर, लेबल जागेवर. उगवणशक्ती मात्र आत घटलेली असते. बियाणे कायद्याखालील किमान ७० टक्के उगवणीची चाचणी माल निघण्यापूर्वीच पार पडलेली असल्याने प्रवासात काय झाले, हे कोणत्याही कागदावर येत नाही. ते कळते जुलैमध्ये, शेतात, आणि तेव्हा शेतकऱ्यापुढे दुबार पेरणीशिवाय मार्ग नसतो. २०२०च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात इतक्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या वर्षी आदल्या हंगामात काढणीच्या वेळी झालेला पाऊस हे एक मोठे कारण होते आणि सगळा दोष वाहतुकीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण आधीच कमजोर झालेला दाणा आदळआपट मुळीच सोसत नाही, हेही तितकेच खरे आहे.

इथे करार कसा लिहिला जातो हे पाहिले पाहिजे. गोदामाचे काम बाहेर दिले की चढ-उताराचा मोबदला साधारणपणे पोत्यामागे ठरतो. ज्याची मजुरी पोत्यांच्या संख्येवर अवलंबून आहे तो हमाल घाई करणारच, आणि घाईत पिशवी फेकली जाणारच; त्यात त्या कष्टकरी माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण वेग आपणच विकत घेतलेला असतो. स्वतःच्या गोदामात हाच व्यवहार रोजंदारीवर आणि एका जाणत्या देखरेख्याच्या नजरेखाली करता येतो. खर्च वाढतो, हे मान्य. तो बियाण्याच्याच किमतीत धरला पाहिजे.

कायद्याची बाजूही पुष्कळांना पुरेशी माहीत नसते. रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ आणि त्याखालील नियमांनुसार जादा जोखमीचा दर (वाहतूकदाराने जास्त जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचा वाढीव दर) ठरवून दिला नसेल तर वाहतूकदाराची भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. भाडे ४० हजार रुपये असेल तर ही मर्यादा ४ लाखांची झाली; संकरित कपाशीच्या बियाण्याने भरलेल्या एका ट्रकमधील मालाची किंमत कोटीच्या घरात जाऊ शकते. शिवाय दावा करायचा तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. जो कच्चा माल डिसेंबरमध्ये उत्पादन क्षेत्रातून प्रक्रिया केंद्राकडे आला, त्याच्याबद्दलची तक्रार जुलैमध्ये शेतातून येते तेव्हा ही मुदत उलटून गेलेली असते. दुसरीकडे, सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. काम बाहेर गेले तरी पिशवीवर नाव कंपनीचेच राहते आणि जाब तिलाच विचारला जातो.

वाळूज औद्योगिक वसाहतीतील सुट्या भागांच्या पुरवठादारांची अडचण थोडी निराळी आहे आणि माझा निकष तिथे अपुरा पडतो, हे मला मान्य आहे. भाग वेळेवर पोहोचला नाही तर चूक तासाभरात कळते, परंतु तोपर्यंत ग्राहकाच्या कारखान्यातील जोडणीचे काम थांबलेले असते. अशा ठिकाणी नियमित फेऱ्या बाहेर देऊन आपत्कालासाठी एक-दोन गाड्या व विश्वासू चालक हाताशी ठेवणे शहाणपणाचे ठरेल. ऊसतोडीचा हंगाम, सोयाबीनची आवक आणि दिवाळीची मालवाहतूक एकाच सुमारास येते, तेव्हा दर ठरलेला असूनही गाडी मिळत नाही, हा आपल्याकडील सर्वांचाच अनुभव आहे. लातूरच्या डाळ मिलवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.

गाडी न मिळण्यामागे आपले वागणेही असते. वर्षभराचा दर गोठवायचा, डिझेल वाढले तरी फरक द्यायचा नाही आणि बिल तीन-तीन महिने अडकवायचे, असे केल्यास वाहतूकदार टायर बदलणे लांबवतो आणि ऐन हंगामात रोखीने पैसे देणाऱ्याकडे गाडी वळवतो. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन २००६च्या कायद्यात आहेच. २०२३ मध्ये आयकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर मुदत उलटली आणि वर्षअखेरपर्यंत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजावटीस मिळत नाही. अनेक लहान वाहतूकदारांनी अजून नोंदणी केलेली नाही. ती त्यांनी जरूर करावी.

बियाण्याची लांब पल्ल्याची वाहतूक मात्र बाहेरच असावी, असे माझे मत आहे. वर्षातील दोन-तीन महिन्यांच्या गर्दीसाठी ट्रक विकत घेऊन ठेवणे कोणालाच परवडणार नाही. कंपनीने आपल्याकडे राखायचे ते चढ-उतारावरील देखरेख, कोणता लॉट कोणत्या विक्रेत्याकडे गेला याची नोंद आणि माल उतरल्यानंतर पुन्हा नमुना घेण्याचे काम. यांपैकी नोंदीचे महत्त्व फार उशिरा लक्षात येते: ती बाहेरच्या संस्थेच्या संगणकात राहिली आणि करार संपला, तर तक्रार आल्यावर लॉट शोधायला आपल्याजवळ ना कागद उरतो ना माहीतगार माणूस. म्हणून ती रोजच्या रोज कंपनीच्या ताब्यात आली पाहिजे. सोयाबीनची उगवण चाचणी साधारण आठवडाभरात होते. डेपोत उतरलेल्या प्रत्येक लॉटचा नमुना तपासूनच माल विक्रेत्याकडे सोडला, तर कमजोर लॉट पेरणीपूर्वी बाजूला काढता येतो.

खरिपाच्या वाहतुकीचे करार उन्हाळ्याच्या तोंडावर होतात. त्याआधी जालन्यातील बियाणे कंपन्यांनी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून सोयाबीन हाताळणीची एक लेखी पद्धत ठरवून घ्यावी आणि ती प्रत्येक करारात अट म्हणून जोडावी. पोत्यामागे मजुरीचे कलम निदान सोयाबीनच्या बियाण्यापुरते तरी वगळावे, अशी माझी या पत्राद्वारे कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, जालना