आरोग्यमंत्री साहेब, थेरपी तालुक्याला येऊ दे

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

तुम्ही आपल्याच जिल्ह्याचे, त्यामुळं चंदगडहून कोल्हापूर गाठायचं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझ्या चार वर्षांच्या भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळं हातपाय नीट चालत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे, पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पोरं तपासतं, काम चांगलंच आहे. पण तपासायला गाडी दारात येते आणि उपचाराला मात्र पोरीला उचलून शंभर किलोमीटरच्या वर यायचं, ते पण दर आठवड्याला. फिजिओथेरपी म्हणजे एक इंजेक्शन दिलं की झालं असं नसतंय ओ.

ताई काजूच्या कारखान्यात जाते. 2023 पासून एसटीत बायकांना हाफ तिकीट झालं, त्याचा आधार आहेच, पण बुडालेला रोज कोण देणार? पोरीचे पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, सीटवर धड बसता येत नाही, मग सगळी वाट मांडीवर आडवी धरून आणायची, कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवर मी घ्यायला जातो तवा ताईचा हात बधिर झालेला असतो. मग खाडे होतात, पाय आणखी आखडतात, आणि हीच तर वर्षं कामाची. पैसेवाला थेरपिस्टला घरी बोलावतो.

महात्मा फुले योजना आहे, पण ती अ‍ॅडमिट झाल्यावर, आठवड्याच्या थेरपीला तिचा काय उपयोग? एका शिबिरात स्प्लिंटचं, म्हणजे पाय सरळ धरून ठेवायच्या आधाराचं, माप घेतलं, ते हातात पडेपर्यंत पोरीचा पाय वाढलेला. (लहान पोरांचे पाय वाढतात हे कुणाच्या डोक्यात येत नाही, कमाल आहे.)

2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 25 आहे, गरीब घरातल्या दिव्यांगांना जवळच्या जवळ, खासकरून खेड्यात, मोफत उपचार द्यायचे म्हणून. मग चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडीला आठवड्यातनं एक वार ठरवून फिजिओ आणि स्पीच थेरपिस्ट पाठवा की. नवी बिल्डिंग नको, सरकारी दवाखान्यातली एक खोली आणि खाली गादी बास झाली. आयांना घरी करायचे व्यायाम नीट शिकवा, स्प्लिंटचं माप तिथंच घ्या आणि वेळेत द्या.

वार तुम्ही ठरवा, फक्त बाजाराचा नको, त्या दिवशी एसटीत पाय ठेवायला जागा नसते.

— एका पोरीचा मामा, कोल्हापूर